पेवात उतरण्याआधी दिवा सोडा

आलेलं पत्र (थोडं कापून) :

‘सर, मी सांगलीजवळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालीय, पीएच.डी. चालू आहे. विषय सांगलीशेजारच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायला जमिनीत खोदलेली कोठारं. आतापर्यंत अकरा पेवांची मापं घेतली. पेवात उतरून हळद काढणाऱ्या एका आजोबांशी दोनदा बोलले, आता ते ८१ वर्षांचे आहेत. ते सांगतात, पेव उघडलं की लगेच कुणी आत जात नसे. आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. विझला तर आत प्राणवायू कमी, माणूस मागं. गेल्या आठवड्यात मला एक मेल आला. आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय मासिक, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) केअर मान्यताप्राप्त, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, निबंध ४८ तासांत स्वीकारणार, फी १८०० रुपये, सोबत ई-प्रमाणपत्र. स्टाफरूममधल्या बहुतेकांचे तिथं दोन-चार निबंध आहेत. मार्गदर्शक सर म्हणाले, टाकून द्या, शेवटी आकडा बघतात. एका ठिकाणी कायम जागेच्या मुलाखती निघणार असं ऐकतेय. दुसरी अडचण म्हणजे माझा विषय कुणालाच आपला वाटत नाही. भूगोलवाले म्हणतात हा इतिहास, इतिहासवाले म्हणतात हे शेतीचं, आणि शेतीवाले विचारतात, कुरकुमिन (हळदीतलं पिवळं रसायन) मोजलंय का? काय करू? पैसे भरू का? – तासिकावाली, मिरज तालुका’

तासिकावाली ताई,

पैसे भरू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या मेलमध्ये ‘सवलत फक्त रविवारपर्यंत’ अशीही एक ओळ असणार, आणि हे उत्तर छापून येईतो तुमचा एखादा रविवार जायचा.

तासिकेच्या मानधनात १८०० रुपये म्हणजे किती तास घसा कोरडा करायचा, याचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. पण माझी हरकत पैशाला नाही. त्या अकरा पेवांच्या मापांचं काय होईल, याची मला धास्ती आहे. का, ते सांगायला मला स्वतःची फजिती सांगावी लागेल.

२००५ च्या पुरात आमच्या ग्रंथालयात पाणी शिरलं. मी तिथं ग्रंथपाल होतो. तळमजल्यावरच्या कपाटांचे खालचे तीन कप्पे पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा आलेला वास अजून नाकात आहे. पुस्तकं उन्हात टाका म्हणून सगळेच सांगत होते. आम्ही पहिल्या दिवशी तसं केलंही, आणि पुठ्ठे पापडासारखे वाकडे झाले. मग वर्तमानपत्राच्या छपाईचा कोरा कागद आणून दर दहा-पंधरा पानांमध्ये घातला, दिवसातून दोनदा बदलला, समोर उभे पंखे लावले. चकचकीत कागदाची पुस्तकं ओली असतानाच पान न् पान सोडवावी लागतात. एकदा वाळली की त्यांची वीट होते, सुरी घालूनही सुटत नाहीत. उलट जुन्या हातकागदाच्या वह्या आश्चर्य वाटावं इतक्या तगल्या. माणसं चार आणि पुस्तकं हजारो, त्यामुळं बुरशी आमच्या पुढं पळत होती. तेव्हा एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या ओळखीनं चार क्रेट पुस्तकं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवली. तिथं बुरशीचा वेग एवढा मंदावला की आम्हाला पंधरा दिवस उसने मिळाले. कोणता कागद, कोणती पद्धत, किती दिवस, हे सगळं मी रोज एका वहीत लिहीत होतो.

त्या वहीवरून आठ पानांचा निबंध केला आणि एका राष्ट्रीय चर्चासत्राला दिला. फी ७०० रुपये, जेवणासह. (जेवण बरं होतं.) जाडजूड पुस्तक निघालं, त्याला आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक होता, आणि माझा निबंध महिला सक्षमीकरण आणि बँकांचं संगणकीकरण यांच्या मधोमध होता. कुणी वाचून बघितलाच नव्हता. माझ्या तक्त्यातला ‘दिवस’ हा रकानाच छपाईत गळाला होता. तरी फाइलला लावला, गुण मिळाले, विषय संपला.

२०१९ ला पुन्हा पूर आला. शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुण ग्रंथपाल मुलीचा फोन. ‘सर, तुम्ही भिजलेल्या पुस्तकांवर काही लिहिलं होतं म्हणे?’ माझी प्रत कुणीतरी नेलेली. वही घर बदलताना गेली. इंटरनेटवर नावसुद्धा नाही. चर्चासत्र भरवणाऱ्या महाविद्यालयात विचारलं, तर उरलेल्या प्रती त्यांच्या तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये होत्या, आणि तळमजला त्या वेळी पाण्यात होता. भिजलेली पुस्तकं कशी वाचवावीत यावरचा माझा निबंध पुरातच गेला. फोनवर आठवेल ते सांगितलं. कोल्ड स्टोरेजचं मात्र सांगायचं राहून गेलं. आठवलं तोवर आठ दिवस उलटले होते, आणि तिच्याकडची पुस्तकं काळी पडली होती.

पुढं सरकण्याआधी हळदीचीच एक गोष्ट. ती तुमच्या आजोबांनाही सांगा, त्यांना आवडेल. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून यायला हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्याकडं गुडघा फुटला की आई आधी हळदीचा डबा काढते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पेटंट कार्यालयापुढं ‘सगळ्यांना माहीत आहे’ चालत नाही. तिथं छापील पुरावा लागतो. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) त्या पेटंटला आव्हान दिलं, ३२ संदर्भ पुढं ठेवले. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये आलेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. १९५३ साली तो निबंध लिहिणाऱ्याला चव्वेचाळीस वर्षांनी हे होणार, हे कुठून कळायला? त्यानं नीट काम केलं, नीट ठिकाणी दिलं, आणि ते नियतकालिक कपाटात राहिलं, एवढंच. ग्रंथपाल म्हणून मला ही गोष्ट जरा जास्तच प्रिय आहे, हे मान्य करतो.

आता तुमच्या मेलकडं येऊ. नियतकालिकांचं पेव फुटलंय, असं आपण सहज म्हणतो. पेव म्हणजे काय हे त्या वाक्प्रचारात आता कुणाच्या लक्षातही येत नाही. तुम्ही तर खऱ्या पेवांत डोकावलेल्या. तेव्हा आजोबांसारखा आधी दिवा सोडून बघू.

पहिल्याच ओळीत विझतो. ‘यूजीसी केअर मान्यताप्राप्त’ असं ते आजही लिहितायत. यूजीसीनं २०१७ च्या सुमारास मान्य नियतकालिकांची यादी काढली, त्यात विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं भसाभस शिरली. पुण्याच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्या भागाची छाननी प्रसिद्ध केली, तर तपासलेल्यांपैकी ८८ टक्के निकषांत बसत नव्हती. मग २०१९ मध्ये तिच्या जागी केअर ही नवी यादी आली. तीही यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आणि नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर टाकली. म्हणजे आज जो कुणी केअरची मान्यता मिरवतो, तो बंद पडलेल्या बँकेचं पासबुक दाखवतोय.

इम्पॅक्ट फॅक्टर ७.८. नियतकालिकातल्या निबंधांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात, याचा हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. मिळत्याजुळत्या नावाचे आकडे विकणारी दुकानंही आहेत, आणि पैसे मोजले की हवा तो आकडा मिळतो. सामाजिक शास्त्रांतली चांगली चांगली नियतकालिकंही बरेचदा याच्या खूप खाली असतात, तिथं हे ७.८ म्हणजे आमच्या सांगलीच्या सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्यात मासा सापडण्यासारखं. खाली ठळक छापलेला आयएसएसएन बघून स्टाफरूममध्ये बरेच जण निर्धास्त होतात. तो नियतकालिकाचा नुसता क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. प्लेट आहे म्हणून ब्रेक लागतात असं नाही.

आणि ते ४८ तास. निबंध तपासायचा म्हणजे त्या विषयातल्या दोन-तीन माणसांनी तो वाचायचा, शंका काढायच्या, तुम्ही उत्तरं द्यायची. याला महिने लागतात, कधी वर्ष. दोन दिवसांत फक्त पैसे पोचतात. जॉन बोहॅनन नावाच्या विज्ञान-पत्रकारानं २०१३ मध्ये याची गंमत केली. दगडफुलासारख्या शैवाकातून कर्करोगावर औषध सापडल्याचा एक निबंध त्यानं स्वतः रचला. त्यात ठळक चुका मुद्दाम पेरल्या, लेखकांची नावं आणि संस्था खोट्या. तो ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. ‘सायन्स’मध्ये ही हकीकत आल्यावर जगभर बोभाटा झाला, आणि फसलेल्यांत भारतातून चालणारी नियतकालिकं बरीच होती.

तुम्ही स्वतः बघायचं तर अर्धा तास पुरे. त्यांचा मागचा अंक उघडा आणि अनुक्रमणिका वाचा. एकाच अंकात होमिओपथी, काँक्रीट, संत साहित्य आणि शेअर बाजार असेल, तर इतकं सगळं तपासणारा माणूस कोण, हा प्रश्न आपोआप पडतो. भूगोलावरचे दोन निबंध शेवटपर्यंत वाचा. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल टाकून विचारा की तुम्ही खरंच या मंडळावर आहात का. मी एकदा असं विचारलं होतं. गृहस्थांना आपण संपादक आहोत हे माझ्याकडून कळलं. ‘स्कोपस’मध्ये, म्हणजे नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत, आहे असं कुणी म्हटलं, तर ते त्यांच्या पानावर बघू नका, स्कोपसच्या यादीत शोधा. आणि नाव ओळखीचं असलं तरी पत्ता नीट तपासा, कारण चांगल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली साइटही काढलेल्या असतात.

यातली खरी मेख स्टाफरूममध्ये कुणी सांगत नाही. एकदा तिथं छापून आलं की तोच मजकूर दुसरीकडं देता येत नाही. दिला तर तो स्वतःचीच नक्कल ठरतो, आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत मजकुराचं साम्य १० टक्क्यांच्या पुढं गेलं की चौकशी लागते. नुसता पाठवून मग विचार बदललात, तर यातले काही जण निबंध परत घ्यायचेही पैसे मागतात. तुमच्याकडं एकच पीक आहे, ताई. चार वर्षांचं. ते कुठल्या पेवात टाकायचं हे एकदाच ठरवता येतं.

मार्गदर्शक सरांवर रागावू नका. ज्या व्यवस्थेत आकडा मोजतात, तिथं ती माणसंही आकडाच सांगणार. स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांनाही मी दोष देत नाही. कायम जागेची वाट बघत पस्तिशी ओलांडलेल्या माणसानं १८०० रुपये भरले, तर त्याला नीतीचे धडे द्यायला मला पेन्शन सोडून काय कारण आहे? सरांकडं एक साधी मागणी करा : ‘सर, या मासिकातला आपल्या विषयावरचा एक चांगला निबंध मला वाचायला द्याल का?’ भांडण होत नाही. शोधायला बसले की त्यांचं त्यांनाच कळेल.

शिवाय एक गोष्ट सरांना ठाऊक नसेल, किंवा विसरले असतील. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे, ही यूजीसीची सक्ती २०१६ च्या नियमांत होती, नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ती राहिली नाही. विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवू शकतं, म्हणून पीएच.डी. विभागात जाऊन लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. तोंडी उत्तरावर विसंबू नका, खिडकीवरचा माणूस बदलला की नियम बदलतो हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. मुलाखतीच्या छाननीत निबंधांना गुण असतात हे खरं, खोटं कशाला बोलू. चार महिन्यांत एखादी मुलाखत हुकू शकते. पण समितीत एखादा जरी वाचणारा निघाला आणि त्यानं त्या मासिकाचं नाव वाचून मान वर केली, तर पुढचे प्रश्न पेवांवर येणार नाहीत.

आता विषय कुणाचा, याबद्दल. हे दुखणं वाटतं तेवढं वाईट नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. त्यांनी जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी तराजूत तोलायला घेतली. नाणं जितकं जास्त हाताळलं गेलं तितकं झिजलं, म्हणजे वजन घटलं. हजारो नाण्यांच्या वजनांची गणितं मांडून त्यांनी नाण्यांचा क्रम लावला. इतिहासवाल्यांना हे गणित वाटलं असेल आणि गणितवाल्यांना चाळा. काम मात्र राहिलं.

तुमच्या बाबतीत गोंधळ शाखेचा नाही, प्रश्नाचा आहे, असं पत्र वाचताना वाटलं. ‘हरिपूरची पेवं’ हा विषय झाला. प्रश्न कोणता? पेवात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय कशी राहते, हा एक प्रश्न. त्याला बंद जागेतला प्राणवायू, ओल, तापमान मोजावं लागेल, आणि ते एकट्या भूगोलवालीनं करू नये. शेजारच्या रसायन किंवा प्राणिशास्त्र विभागातलं कुणी सोबत घ्या. हळदीची पेवं हरिपूरच्याच मातीत एवढी का, दुसरीकडं तितकी का नाहीत, हा दुसरा प्रश्न, आणि तो अगदी शुद्ध भूगोल आहे. मातीचे नमुने, नदीपासूनचं अंतर, पाण्याची पातळी. पेवं मोडीत का निघाली हा तिसरा. त्यात पूर आला, शीतगृहं आली, उतरणारी माणसं संपली. शेतीवाले कुरकुमिन विचारतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला लागतच नाही. पहिल्याला लागू शकतं : पेवात दोन वर्षं राहिलेल्या हळकुंडाचा कस टिकतो की उतरतो? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाजारातल्या लोकांनाही याचं उत्तर हवंच असेल.

माझ्या मते पहिला निबंध दुसऱ्या प्रश्नावर करा. अकरा मापं तुमच्याकडं आहेत. तोंड किती, पोट किती, खोली किती, माती कोणती, आणि पूररेषा कुठं. नकाशा स्वतः काढा. आठ पानं पुरेत. पाठवण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, या विषयाच्या आसपासचे प्रबंध चाळा, फुकट आहे. पाठवायला पहिली जागा मला सुचते ती पारंपरिक ज्ञानावरचं ‘इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज’. ते दिल्लीची सीएसआयआरची संस्था काढते, आणि तुमचा विषय त्यांच्या अंगणातलाच आहे. तिसऱ्या प्रश्नावर कधी लिहिलंत तर मुंबईचं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आहे. ते लेखकाकडून पैसे घेत नाहीत. तिथून नकार आला तरी सोबत चार ओळींचा शेरा आला तर तो जपून ठेवा. आयुष्यात पहिल्यांदा कुणा अनोळखी माणसानं तुमचं लिहिणं पूर्ण वाचलेलं असेल. मला तसा शेरा एकदाच मिळाला, तोही बोचरा, आणि अजून पाकिटात आहे.

तोवर मापांचा तक्ता आणि फोटो सरांना विचारून ‘झेनोडो’ या संशोधनाच्या ऑनलाइन साठ्यावर चढवून ठेवा. युरोपातली सर्न ही अणुसंशोधन संस्था ते चालवते, पैसे लागत नाहीत, आणि तारखेसह कायमचा डीओआय, म्हणजे ऑनलाइन ओळखक्रमांक मिळतो. तळमजल्यावरच्या स्टोअरपेक्षा ते कधीही बरं. पेवांच्या मालकांची नावं मात्र त्यात टाकू नका, क्रमांक द्या.

एक राहिलं. निबंध सहा महिने पुढं गेला तर चालेल, पण तुम्ही त्या आजोबांना भेटलात फक्त दोनदा, आणि पत्रात आवाज टिपून घेतल्याचं कुठं लिहिलेलं नाही. या रविवारी हरिपूरला जा. मोबाइल समोर ठेवा, त्यांची परवानगी घ्या आणि बोलू द्या. पेव उघडल्यावर किती वेळ थांबायचे ते विचारा. दिवा विझला तर पुढं काय करायचे तेही. आणि दिवा कोणता असायचा, कंदील की पणती? तेल कोणतं घालायचे? मला खरंच माहीत नाही, कळवा.